चांदीचे नॅनोकण औषधांना न जुमानणारे जिवाणू मारतात, मग अँटिबायोटिकऐवजी तेच का देत नाहीत?

मारतात, हे खरं. पण सध्या त्यांचा खरा उपयोग जखमेवर आहे, पोटात घ्यायला नाही.

नॅनोकण म्हणजे साधारण 1 ते 100 नॅनोमीटरचा कण (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). धातूचा तुकडा जितका बारीक, तितकं त्याच वजनात पृष्ठभागाचं क्षेत्र जास्त, आणि तिथूनच चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात. हे आयन जिवाणूचं बाह्य आवरण बिघडवतात, प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून ती निकामी करतात, डीएनएलाही त्रास देतात. अँटिबायोटिकचा नेम बहुधा एकाच ठिकाणी असतो. तिथे बदल झाला की जिवाणू निसटतो. इथे मार चहूबाजूंनी बसतो. म्हणूनच भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांसाठी अशा चांदीच्या पट्ट्या बाजारात मिळतात.

मग इंजेक्शन का नाही? कारण रक्तात सोडलेले कण यकृतात आणि प्लीहेत साठतात, आणि जिवाणूला जे विष तेच जास्त प्रमाणात आपल्या पेशींनाही. चांदी बराच काळ पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-राखाडी होते, तेव्हा 'नॅनो सिल्व्हर' म्हणून विकलं जाणारं पाणी कृपया पिऊ नका.

आणि 'चांदीला प्रतिकार होऊच शकत नाही' हा दावाही खोटा. 1975 मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, चांदीला दाद न देणारा साल्मोनेला नावाचा जिवाणू सापडला होता. आत शिरलेली चांदी बाहेर फेकणारे पंप त्याच्याकडे होते.

मला जास्त आशा वाटते ती नॅनोकण आणि जुनं अँटिबायोटिक एकत्र वापरण्यात. प्रयोगशाळेत काही जोड्या छान चालतात. माणसांवरच्या चाचण्या मात्र अजून तुरळक आहेत.