वाचकांचे प्रश्न : तबकडीचा बाक आणि क्लॅम्पची पकड

प्रश्न : वडिलांनी १९७० च्या दशकात जमवलेल्या नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या पन्नासेक एलपी (लाँग प्ले) तबकड्या आमच्या घरी टिनाच्या खोलीत, धान्याच्या कोठीवर एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. गेल्या दिवाळीत नागपूरहून पट्ट्यावर चालणारा जुना टर्नटेबल आणला. त्यासोबत, तबकडी फिरवणाऱ्या थाळीच्या मधल्या खुंटीवर बसवून फिरवून आवळण्याचा आणि तबकडी दाबून धरणारा एक क्लॅम्प मिळाला. तो लावला की काही तबकड्या सपाट बसतात, पण काहींच्या कडा उलट अधिकच वर उचलल्या जातात. क्लॅम्प बिघडला आहे की मी तो चुकीचा लावतो? त्याऐवजी लेथवाल्याकडून अर्धा किलोचे लोखंडी वजन करून घेतले तर चालेल का?
(एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : आपला क्लॅम्प बिघडलेला नाही. तबकडी कोणत्या बाजूला वाकली आहे हे न पाहता तो आवळला जातो आहे, एवढेच. तबकडी थाळीवर ठेवून, क्लॅम्प न लावता, डोळे थाळीच्या पातळीला आणून ती एकदा सावकाश फिरवून पाहावी. मध्यभाग वर आणि कडा थाळीला टेकलेल्या, म्हणजे परात पालथी घातल्यासारखी ती दिसली, तर क्लॅम्प मध्यभाग खाली दाबतो आणि सगळी तबकडी सपाट होते. परात उताणी ठेवल्यासारखी असेल, तर मध्यभाग आधीच टेकलेला असतो आणि कडा अधांतरी असतात. तेथे मध्यावर कितीही जोर दिला तरी कडांना त्याचा उपयोग नाही. थाळीवरच्या रबरी चटईला मध्ये लेबलासाठी खोलगट जागा असेल, तर जास्त आवळल्याने मध्यभाग त्या खळग्यात ओढला जातो आणि कडा आणखी वर येतात. आपल्याकडे नेमके हेच होत असावे. अशा तबकडीची एक बाजू त्रास देते आणि दुसरी बाजू निमूट वाजते, हेही आपल्या लक्षात येईल, कारण पालथी केली की उताणी परात पालथी होते.

उताण्या बाजूसाठी जुना उपाय असा, की खुंटीत सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाची आणि एक-दीड मिलिमीटर जाडीची नमद्याची चकती ओवून तिच्यावर तबकडी ठेवावी. चकतीमुळे मध्य किंचित उचलला जातो. मग क्लॅम्प लेबलाच्या बाहेरच्या भागावर दाब देतो, तबकडी चकतीवरून खाली झुकते आणि कडा चटईला टेकतात. मात्र यासाठी क्लॅम्पची खालची बाजू मध्ये पोकळ आणि कडेला टेकणारी असली पाहिजे. ती पूर्ण सपाट असेल, तर चकतीचा काहीही फायदा होणार नाही. आणि जी तबकडी परातीसारखी नसून भाजलेल्या पापडासारखी कडेला लाटा घेऊन वाकली आहे, तिच्यावर मधला क्लॅम्प निरुपयोगी आहे. तिच्यासाठी बाहेरच्या कडेवर बसणारे जड कडे मिळते, पण ते महाग असते आणि साध्या टर्नटेबलाला झेपत नाही. लहानशा लाटेची फार चिंता करू नये : एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा, आणि एवढ्या संथ चढउतारावरून नीट तोललेला टोनआर्म (सुई धरणारा दांडा) सहज जातो.

आता लावण्याची रीत. थाळी थांबलेली असावी, टोनआर्म त्याच्या आधारावर अडकवलेला असावा. क्लॅम्प पूर्ण सैल करून खुंटीवर घालावा, एका हाताने लेबलावर हलका दाब द्यावा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्याच जोरावर आवळावा. आवळताना थाळी फिरू लागली तर ती कडेने धरावी, नाहीतर पट्टा घसरतो. काढताना तो आधी पूर्ण सैल करावा. आवळलेलाच क्लॅम्प ओढला तर खुंटी, कधी कधी थाळीसकट, तेलातल्या बेअरिंगमधून वर उचलली जाते, आणि जुन्या यंत्रांत पुढे होणारी खडखड पुष्कळदा येथूनच सुरू होते. क्लॅम्पचा व्यास लेबलापेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरांपेक्षा, बराच कमी असावा. शेवटचे गाणे संपताना सुईचे डोके लेबलाच्या अगदी जवळ येते आणि रुंद क्लॅम्पला धडकू शकते. झाकण लावून ऐकण्याची सवय असेल, तर ते क्लॅम्पला टेकत नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

लोखंडी वजनाचा विचार सोडून द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. क्लॅम्प खुंटीला पकडून दाब देतो, त्यामुळे स्वतः हलका असला तरी चालतो. वजनाचा सगळा भार मात्र बेअरिंगच्या तळाशी असलेल्या एका लहानशा बिंदूवर येतो. थाळी स्प्रिंगांवर तरंगणारी असेल, तर अर्ध्या किलोने ती खाली बसते आणि तिची पातळी बिघडते. शिवाय सुईच्या डोक्यात लोहचुंबक असते आणि जवळच्या लोखंडाकडे ते ओढले जाते. वजन हवेच असेल तर पितळेचे, दोन-तीनशे ग्रॅमचे, आणि भोक अगदी मध्यावर असलेले करून घ्यावे. (किराण्याच्या तराजूचे माप तबकडीवर ठेवणारे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत, त्यांची प्रत्येक तबकडी हेलकावे खात गाते.) क्लॅम्प किंवा वजन लावल्यावर वेग घसरला की काय, हे पाहण्यासाठी लेबलावर कागदाचा तुकडा चिकटवून घड्याळ लावून फेरे मोजावेत. तीन मिनिटांत बरोबर १०० भरले पाहिजेत.

प्रश्न : गाणे सुरू असताना वीज गेली, तर क्लॅम्प तसाच राहू दिला तर चालतो का?

उत्तर : क्लॅम्प राहू द्यावा, सुई मात्र लगेच उचलावी. वीज परत येते तेव्हा थाळी झटक्याने फिरू लागते आणि खाचेत टेकलेली सुई तो झटका खाते. प्लेअरचे बटण बंद करून ठेवणे अधिक चांगले.

प्रश्न : आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना हाच क्लॅम्प लावावा का?

उत्तर : नाही. त्या लाखेच्या मिश्रणाच्या असतात. त्या विनाइलसारख्या लवत नाहीत, तडकतात. वाकलेली लाखेची तबकडी दाबून सपाट करण्याचा प्रयत्न कोणत्याच साधनाने करू नये. त्या नुसत्या ठेवून वाजवाव्यात, आणि वेगळ्या, जाड टोकाच्या सुईने.

पहिल्या पत्रातील कोठीविषयी येथेच लिहितो. विनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि सततच्या भाराखाली त्याहून कमी उष्णतेतही वाकते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांवर जाते. टिनाखालची खोली त्याहून तापते. क्लॅम्प वाजवण्यापुरता बाक दाबतो, तो घालवत नाही. तबकड्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीलगत, पुस्तकांसारख्या उभ्या आणि एकमेकींना टेकून ठेवाव्यात. कूलरचा ओला झोत मात्र त्यांच्यावर येऊ देऊ नये, कारण वेष्टनांना बुरशी लागते.