ग्रँट रायटिंगच्या प्रशिक्षणाला कॉलेजच्या ऑफिसमधल्या माणसानं जावं का?

तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात एसडीए, म्हणजे ऑफिसातले द्वितीय दर्जा सहायक आहात. प्राचार्यांनी ग्रँट रायटिंग आणि मॅनेजमेंटच्या, म्हणजे अनुदानाचे प्रस्ताव लिहिण्याच्या आणि ते पैसे सांभाळण्याच्या, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला तुमचं नाव घातलंय, आणि तुम्ही विचारताय, ‘हे तर प्राध्यापकांचं काम, मी तिथं जाऊन काय करू?’

जा. एकच जागा असेल तरी तुम्ही जा, असं मी म्हणेन. मी निपाणी भागातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं हिशेब सांभाळला. प्रस्ताव प्राध्यापक लिहितात, पण पैसा संस्थेच्या खात्यावर येतो. प्राध्यापक निवृत्त झाले तरी हिशेब मागणारं पत्र ऑफिसच्याच टेबलावर येऊन पडतं.

आमच्या समाजशास्त्राच्या मॅडमना विडी वळणाऱ्या बायकांवर अभ्यास करायला दिल्लीहून प्रकल्प मिळाला होता. सगळ्यांना आनंद झाला, पेढे वाटले. पहिला हप्ता आला तो आम्ही फीच्या खात्यातच जमा केला. वेगळं खातं उघडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला, तर क्षेत्रभेटीच्या खर्चासाठी ठेवलेल्या हेडमधून नवीन घेतला, परवानगी न मागता. वर्षअखेरीला त्या रकमेवर व्याज किती झालं हे वेगळं काढता येईना, आणि सीएंनी सही करायला नकार दिला. दुसरा हप्ता वर्षभराहून जास्त अडकला. प्रकल्पावर काम करणाऱ्या दोन पोरींचा पगार थांबला. मॅडमनी काही महिने पदरचे पैसे दिले, शेवटी एक पोरगी काम सोडून दुकानात लागली. तिनं घरोघर फिरून भरलेल्या प्रश्नावल्या तशाच कपाटात राहिल्या. मला ते अजून टोचतं, कारण चूक मॅडमची नव्हती, आम्हा ऑफिसवाल्यांची होती. आणि आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून प्रशिक्षणात काय मागायचं ते सांगतो. बहुतेक ठिकाणी दीड दिवस प्रस्ताव कसा लिहावा यावर जातो आणि हिशेबाला शेवटचा अर्धा तास उरतो. आधीच फोन करून विचारा, की एखादी खरी सँक्शन ऑर्डर, म्हणजे अनुदान मंजुरीचं पत्र, समोर ठेवून वाचून घेणार का? त्या दोन-तीन पानांतच सगळं असतं: कुठल्या हेडला किती रक्कम, एका हेडमधून दुसऱ्यात पैसे वळवायचे तर कुणाची परवानगी, हप्ता कधी, काय पाठवल्यावर. केंद्राच्या अनुदानाला जीएफआर २०१७, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम, लागू होतात. त्यांतला नियम २३० स्वतः वाचा. अनुदानावरचं व्याज आपलं नसतं, हिशेब पुरा झाला की ते सरकारजमा करावं लागतं, आता भारतकोश या सरकारी पोर्टलवरून भरता येतं. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपण यूसी म्हणतो ते, १२-ए नमुन्यात द्यायचं. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत नियमात आहे, पण तोवर थांबू नका, यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. तो नमुना तिथंच बसून हातानं भरून बघा. पीएफएमएस या केंद्राच्या निधी-हिशेबाच्या पोर्टलवर खर्चाची नोंद कशी करायची आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी कशी करायची, तेही स्क्रीनवर करून दाखवायला सांगा की. नुसत्या स्लाइड बघून ते येत नाही.

आपल्या भागाचं एक वेगळं आहे. राज्य सरकारचे आदेश कन्नडमध्ये, दिल्लीची पत्रं इंग्रजीत, आणि ज्यांच्याकडून माहिती घ्यायची ती माणसं मराठी किंवा कन्नड बोलणारी. मग प्रश्नावली दोन्ही भाषांत हवी. त्या भाषांतराचा आणि टायपिंगचा खर्च प्राध्यापकांना अंदाजपत्रकात सुचत नाही, तुम्हाला सुचेल. जीपवाल्याची पावती कन्नडमध्ये असेल तर मागं इंग्रजीत एक ओळ लिहून पीआयची, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाची, सही घ्या, त्याच दिवशी. जांबोटी-कणकुंबीकडं क्षेत्रभेटी जुलै-ऑगस्टमध्ये धरल्या असतील तर पावसाचं नाव काढून तारखा बदलायला लावा. भीमगड अभयारण्यातलं काम असेल तर वनखात्याची परवानगी आधी. म्हणजे लिहिण्याच्या वेळीसुद्धा तुम्ही शेजारी बसायला हवं.

अर्ज कुठं करायचा हे प्राध्यापक बघतील, पण एक चूक मी अनेकदा पाहिली. निपाणीला लागून अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे, ते महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाचं. आपले पाहुणे, मित्र तिकडच्या कॉलेजांत नोकरीला असतात आणि आपण त्यांची फाईल बघून अर्ज करतो. महाराष्ट्र राज्याच्या योजना आपल्याला चालत नाहीत. आपल्याला व्हीजीएसटी आहे, म्हणजे कर्नाटक सरकारचा विज्ञान-तंत्रज्ञानाला अनुदान देणारा गट, विज्ञान विभाग असेल तर. आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठी), एएनआरएफ (मुख्यतः विज्ञान संशोधनासाठी) या केंद्राच्या संस्था दोन्हीकडच्यांना सारख्याच.

कागदांत यूजीसीचं २ (एफ) आणि १२ (बी)चं पत्र, म्हणजे यूजीसी कायद्याच्या त्या कलमांखाली कॉलेजला मिळालेल्या मान्यतेचं पत्र, आधी शोधून ठेवा. कॉलेज जुनं असेल तर त्यावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं नाव असेल, कारण आपलं आताचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० सालचं. तेव्हा आताच्या संलग्नतेचा आदेशही जोडा.

आणि जायच्या आधी ओओडीचा, म्हणजे ते दिवस कामावरच धरले जातील असा, लेखी आदेश घ्या, तोंडी हो म्हटलेलं नंतर रजेत धरलं जातं. कॉलेजात एखादा अर्धवट राहिलेला जुना प्रकल्प असेल, तर त्याची सँक्शन ऑर्डर आणि किर्दीच्या पानांची झेरॉक्स सोबत न्या. पहिल्या दिवशी चहाच्या वेळेला शिकवणाऱ्यांना गाठा आणि ती फाईल दाखवा.