वाचकांचे प्रश्न : उच्चार एक, अर्थ निराळे

प्रश्न : खजुरी बाजारातील वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर ‘स्टेशनरी’ हा इंग्रजी शब्द कुठे ‘ई’ने, तर कुठे ‘ए’ने लिहिलेला दिसतो. नातवाने ‘ए’ लिहिला, तेव्हा शिक्षिकेने गुण कापले. शब्दकोशात दोन्ही रूपे आहेत, मग चूक कोणती?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : शिक्षिकेचे बरोबर आहे. ‘ए-आर-वाय’ने संपणारा शब्द विशेषण असून त्याचा अर्थ ‘जागचे न हलणारे’ असा आहे. कागद, लिफाफे, लेखण्या यांसाठीचे नाम ‘ई-आर-वाय’ने संपते. तरीही घोटाळा करणाऱ्यांना फार दोष देता येत नाही, कारण दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्टेशनेरियस’ म्हणजे गावोगाव फिरणारा नव्हे, तर एका जागी, बहुधा विद्यापीठाच्या आसपास, दुकान मांडून बसलेला ग्रंथविक्रेता. त्यावरून इंग्रजीत ‘स्टेशनर’ आला. लंडनमधील ग्रंथव्यावसायिकांच्या ज्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. ‘स्टेशनर’मधला ‘ई’ लक्षात ठेवला, की त्याच्या मालाचे नाव चुकत नाही.

पीठ आणि फूल यांसाठीच्या, एकाच उच्चाराच्या इंग्रजी शब्दांची कथाही अशीच आहे. दळलेल्या धान्याचा सर्वांत उत्तम भाग म्हणजे त्याचे ‘फूल’, अशी मूळ कल्पना होती, आणि सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही पिठासाठी वेगळे वर्णलेखन दिलेले नाही. मात्र प्रत्येक जोडीमागे असे नाते शोधू नये. सूर्य आणि मुलगा या अर्थांचे दोन ‘सन’ मुळातच वेगळे आहेत. आपल्या ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचाही एकमेकांशी संबंध नाही, फक्त तिथे वेलांटी आपल्याला सावध करते. संगणकाची वर्णतपासणीही अशा ठिकाणी पुष्कळदा गप्प राहते, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही शब्द शुद्धच असतात.

प्रश्न : ‘ॲडव्हाइस’मध्ये ‘सी’ केव्हा आणि ‘एस’ केव्हा?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : नामाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’. येथे कानही मदत करतो : नामाच्या शेवटी ‘स’ ऐकू येतो, क्रियापदाच्या शेवटी ‘झ’. ‘प्रॅक्टिस’मध्ये ती सोय नाही, परंतु ब्रिटिश लेखनात नियम हाच आहे. अमेरिकन लेखनात मात्र ‘प्रॅक्टिस’चे नाम आणि क्रियापद दोन्ही ‘सी’नेच लिहितात.