खोल पाण्यातील ५० बार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही पाच जण बऱ्याच वर्षांपासून एकत्र स्कूबा डायव्हिंग करतो. सुरुवात मालवणला केली, आता कर्नाटक किनाऱ्याजवळचे नेत्राणी बेट आणि अंदमानातील स्वराज द्वीप येथे ३० मीटरपर्यंत उतरतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर ५० बार (बार हे दाबाचे एकक) दिसले की वर निघायचे, हा आमचा कायमचा नियम आहे. अलीकडे एका प्रशिक्षिकेने तो आमच्यासाठी अपुरा असल्याचे सांगितले. अनुभवी डायव्हरांनीही हे मनावर घ्यावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य घ्यावे. ५० बारची सवय उथळ पाण्यात लागते आणि तिथे ती चालतेही. आपण मात्र खोली वाढवली आणि आकडा तोच ठेवला.

समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे १ बारने वाढतो, म्हणजे पृष्ठभागावरचा १ बार धरून ३० मीटरवर तो ४ बार असतो आणि तिथला प्रत्येक श्वास सिलिंडरमधून पृष्ठभागाच्या चौपट हवा ओढतो. आता असे धरा की आपल्या बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा नेमकी तळाशी संपली आणि तो आपल्या ऑक्टोपसवर, म्हणजे हवा वाटून घेण्यासाठीच्या जादा मुखनळीवर, आला. शांत असताना मिनिटाला १५ लिटर घेणारा माणूस अशा वेळी २० लिटर सहज घेतो, घाबरला तर ३० च्याही पुढे जातो. दोघांचे मिळून मिनिटाला ४० लिटर (पृष्ठभागावरच्या मापाने; ३० मीटरवर चौपट), हा तसा सौम्यच अंदाज झाला. एकमेकांना धरून, श्वास सावरून निघेपर्यंत तळाशी २ मिनिटे जातात, त्यात ३२० लिटर संपतात. मिनिटाला ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत येण्यास सुमारे ३ मिनिटे आणि ३३० लिटर लागतात. तिथल्या ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येतानाच्या सुरक्षा थांब्याला, १८० आणि शेवटच्या टप्प्याला ५० लिटर. एकूण ८८० लिटर होतात. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा असतो, त्यात दर बारला ११ लिटर हवा मावते, म्हणजे हा साठा ८० बारचा झाला. आपल्या ५० बारमध्ये ५५० लिटरच असतात आणि ती हवा आपण दोघे १२ मीटरहून खोल असतानाच संपेल.

हाच हिशेब १२ मीटरसाठी केला तर साधारण ४५ बार येतात. म्हणूनच इतकी वर्षे आपल्याला नियमात काही उणे जाणवले नसावे.

तेव्हा उतरण्यापूर्वी त्या दिवसाच्या खोलीसाठी हा आकडा काढावा, पाचही जणांनी तो मोठ्याने म्हणावा आणि ज्याचा गेज आधी तिथे पोहोचेल त्याच्यासोबत त्याच्या बडीनेही तळ सोडावा. या साठ्यातील निम्मी हवा बडीची आहे, असे मी मानतो. मासे पाहण्याच्या नादात ती खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुन्या गटांत बोटीवरची परस्पर तपासणी हळूहळू बंद पडते, हे मला फार खटकते. आपल्या बडीचा ऑक्टोपस हनुवटी आणि बरगड्यांच्या मधल्या भागात, एका ओढीत सुटेल असा अडकवलेला आहे की बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटाच्या) खिशात कोंबलेला आहे, हे उडी मारण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे, आणि अधूनमधून सेफ्टी स्टॉपच्या वेळी हवा वाटून घेण्याचा सरावही करावा.

प्रश्न : गेल्या मोसमात २४ मीटरवर असताना प्रत्येक श्वासाबरोबर माझ्या प्रेशर गेजचा काटा खाली जाऊन परत येत होता आणि श्वास जड जात होता. वर आल्यावर सगळे ठीक दिसले. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासायोग्य दाबाने तोंडापर्यंत आणणारे साधन) बदलावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी सिलिंडरची व्हॉल्व्ह आठवा. काटा श्वासागणिक झुलणे हे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह अर्धवट उघडी असल्याचे लक्षण असते. ती पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यावी, अशी जुनी शिकवण आहे. बोटीवरच्या मदतनिसाने घाईत उलटी दिशा धरली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊन केवळ पाव फेरा उघडी राहते. गेज तेव्हाही पूर्ण दाब दाखवतो आणि पृष्ठभागावर श्वासही नीट येतो. खोलवर हवेची गरज वाढली की मगच ती चिंचोळी वाट अपुरी पडते. म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडी ठेवावी आणि पाण्यात शिरण्यापूर्वी गेजवर नजर ठेवून त्याच रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्यावेत. काटा जागचा हलता कामा नये. आपल्या साहित्याला शेवटचा हात लागेल तो आपला किंवा आपल्या बडीचाच असावा.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडी असूनही काटा हलला, तर त्या रेग्युलेटरने उतरू नका. फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडल्या जाणाऱ्या भागाच्या, तोंडाशी असलेली बारीक जाळी तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. ती हिरवट दिसली तर आत खारे पाणी गेले आहे, तांबूस दिसली तर बहुधा पोलादी सिलिंडरमधला गंज आला आहे. खारे पाणी शिरते ते सहसा रेग्युलेटर धुताना, त्या तोंडावरचे झाकण (डस्ट कॅप) नीट न लावल्यामुळे किंवा बादलीत असताना मुखनळीवरचे हवा सोडण्याचे (पर्ज) बटण दाबल्यामुळे.

प्रश्न : मालवणहून दुपारी शेवटची डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे घरी निघणे योग्य आहे का? विमानासाठी थांबावे लागते हे ठाऊक आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विमानप्रवासापूर्वी एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबावे, अशी सर्वमान्य शिफारस आहे. ती सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीचा विचार करते आणि आंबोली जवळपास ७०० मीटरवर आहे. रक्तात व उतींत विरघळलेल्या नायट्रोजनला रस्ता आणि विमान यांतला फरक कळत नाही. बाहेरचा दाब उतरला की बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. लागोपाठ दोन-तीन दिवस डाइव्ह केल्या असतील, तर ती रात्र मालवणातच काढावी. शेवटच्या दिवशी डाइव्ह सकाळीच आटोपून दुसऱ्या दिवशी जेवण करून निघाले, तर अंतर पुरेसे पडते. निघण्यापूर्वीच सांध्यात ठणका, हातापायांत मुंग्या किंवा विलक्षण थकवा जाणवत असेल, तर घाट चढू नये. आडवे पडून शुद्ध ऑक्सिजन घ्यावा आणि डॉक्टरांना डाइव्हची खोली, वेळ व लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून द्यावी.