अलास्कातल्या त्या माणसासारखं सह्याद्रीत हाताने घर बांधून एकट्याने राहता येईल का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत नोकरी आहे, चाळिशी जवळ आली आहे, थोडे पैसे साठलेत. अलास्काच्या तळ्याकाठी लाकडाचं घर बांधून राहिलेल्या डिक प्रेनेकींबद्दल कळल्यापासून पुण्याजवळ तसंच करावंसं वाटतंय, आणि हे शक्य आहे का असं तुम्ही विचारलंय. मी वेल्ह्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीत दगड-माती-बांबूचं घर बांधून एकटा राहतो, म्हणून उत्तर देतो. शक्य आहे. मात्र त्यांची पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही.

प्रेनेकींनी 1967 च्या उन्हाळ्यात स्प्रूसची झाडं तोडून ओंडके वाळत ठेवले आणि 1968 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हातहत्यारांनी घर उभं केलं. त्याआधी ते नौदलात सुतार होते आणि पुढे डिझेल मेकॅनिक, म्हणजे हाताला वळण होतंच. त्यांचा सगळा विचार थंडीभोवती होता. आपल्याकडे विचार करायचा तो ओलीचा. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तिथून दोन तासांवरच्या ताम्हिणीत पाच हजारांच्या वर, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ओंडक्यांचं घर इथे उभारलंत तर बुरशी आणि वाळवी मिळून ते खाऊन टाकतील. शिवाय आपल्याकडे झाड तोडायला परवानगी लागते. बांबूचं तसं नाही. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

म्हणून आधी मावळातली जुनी घरं नीट बघा. जोतं दोन-अडीच फूट उंच, त्यावर कंबरेएवढी दगडी भिंत, वर कारवीच्या काठ्यांची भिंत म्हणजे कूड, आतून-बाहेरून शेणमातीचा गिलावा. वळचण इतकी पुढे काढलेली की पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. पश्चिमेकडून झड येते, त्या अंगाला दार-खिडकी नको. बांबू दिवाळीनंतर तोडावा, तीन वर्षांच्या पुढचा, कारण कोवळ्यात साखर जास्त असते आणि भुंगा आधी तिथेच लागतो. काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की बराच टिकतो, टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला तर आणखी टिकतो. छपराला मी कौलंच सुचवेन आणि कौलांखाली प्लास्टिकचा जाड कागद. त्यात कमीपणा मानू नका, प्रेनेकींनीही छपरावर शेवाळ अंथरण्याआधी खाली प्लास्टिक घातलं होतं.

चूल घरातच हवी. तिचा धूर वासे, बांबू आणि वर टांगलेलं बियाणं कोरडं ठेवतो, किडीला लांब ठेवतो. घर चार महिने रोज आतून शेकलं गेलं पाहिजे. सरपण मे संपायच्या आत पडवीत रचून झालेलं असावं, जूनमध्ये वाळलेली काटकी मिळत नाही. मीठ बरणीत पाणी होतं, गूळ पाझरतो, काडेपेटी चुलीच्या वर फळीवर ठेवली तरच पेटते. कडधान्य राखेत घोळून ठेवायचं. ही कामं जमली तर घर जमलं असं समजा. भिंती उभारणं त्या मानाने सोपं आहे.

जागा निवडताना देखाव्याला भुलू नका. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. उताराचा पायथा खणून सपाटी करायची नाही, ओढ्याच्या जुन्या वाटेवर बांधायचं नाही, आणि वाडीतली जुनी घरं कुठे आहेत, कुठे नाहीत, हे आधी बघायचं.

इतक्या पावसानंतरही मार्चमध्ये झरे आटतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही. गडांवर खोदलेली टाकी त्यासाठीच आहेत. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीस चौरस मीटरचं छप्पर आणि तीन हजार मिलीमीटर पाऊस धरला तर नव्वद हजार लिटर अंगणात पडतं. पिणं, स्वयंपाक, आंघोळ मिळून दिवसाला चाळीस लिटर धरलं तरी ऑक्टोबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते. घराच्या आधी टाकी बांधा.

कायद्याचं थोडक्यात. वनखात्याच्या जमिनीवर झोपडी बांधणं गुन्हा आहे, कितीही आत आणि कितीही छोटी असली तरी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला स्वतः शेतकरी असावं लागतं. आजोबांच्या नावावर कुठे गुंठाभर असेल तर ती कागदपत्रं आधी शोधा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचल्याशिवाय विसार देऊ नका. खाजगी वनाची नोंद असेल किंवा आदिवासींची जमीन असेल तर तिथेच थांबा.

आता ‘एकट्याने’ आणि ‘स्वावलंबी’ याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. एका माणसाला वर्षाला दीडशे-पावणेदोनशे किलो धान्य लागतं. तेवढं भात आणि नाचणी मिळून थोड्या गुंठ्यांत निघू शकतं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी अशी रानभाजी अंगणातच उगवते. पण भाताची लावणी एकट्याने होत नाही. पाऊस लागला की मोजक्या दिवसांत खाचर उरकायचं असतं, म्हणून वाडी इर्जिक करते: आज यांचं, उद्या त्यांचं. मी सगळ्यांच्या खाचरात उतरतो, म्हणून माझ्या खाचरात सगळे येतात. हे मी मोठ्या आनंदाने करतो. इथे कुणीही एकटा स्वावलंबी नाही, पिढ्यान्‌पिढ्या वरच्या पठारावर एकेकट्या घरात राहणारे धनगरसुद्धा नाहीत. त्यांचाही दुधातुपाचा आणि धान्याचा व्यवहार खालच्या गावाशी असतोच. प्रेनेकींकडेही दर काही आठवड्यांनी ओळखीचा वैमानिक टपाल आणि सामान घेऊन उतरायचा. त्यांची तीसेक वर्षं त्या विमानाच्या भरवशावर उभी होती, आणि त्याने त्यांच्या कामाची किंमत तसूभर कमी होत नाही.

माझा भरवसा खालच्या वाडीतल्या मावशींवर आहे. रोज सकाळी मी त्यांच्याकडे दुधाला जातो. नऊपर्यंत पोचलो नाही तर त्यांचा मुलगा वर बघायला येतो. आषाढात धुकं दिवसचे दिवस हलत नाही, फोनला रेंज नसते, तेव्हा ही एक व्यवस्था सगळ्या हत्यारांपेक्षा मोलाची आहे. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि अनेकदा कळतही नाही. म्हणून जमिनीवर झोपायचं नाही, खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवीच. प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे ते जूनच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. विंचवाचंही विचारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून लाल विंचवाचा दंश झालेली माणसं वाचतात, पण गोळी वेळेत मिळायला हवी.

नोकरी आत्ता सोडू नका, जमीनही घेऊ नका. आधी बिनपगारी रजा मागा आणि एखाद्या वाडीत रिकामं घर भाड्याने घ्या. माणसं पुण्या-मुंबईला गेल्यामुळे अशी बंद घरं जवळजवळ प्रत्येक वाडीत आहेत. मे महिन्यात जा, म्हणजे कौलं चाळणं आणि सरपण भरणं शेजाऱ्यांबरोबर करता येईल, आणि थेट नवरात्रापर्यंत राहा. शनिवार-रविवारी येऊन-जाऊन कळणार नाही. सलग राहावं लागेल. भाडं आगाऊ द्या, आणि लावणीच्या दिवसांत पडवीत बसून पाऊस बघू नका, पहिल्याच दिवशी इरलं (पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन) घेऊन खाचरात उतरा.