हॉटेल मामाचं असलं तरी सांग

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रीलसाठी तीन विषय समोर आहेत: मोरजीच्या होमस्टेत दोन रात्री फुकट राहायचं आमंत्रण, डिचोलीतलं तुझ्या मामाचं हॉटेल आणि बार्देश तालुक्यातल्या विकायच्या व्हिलांचं पैसे देणारं काम. तिन्हींबद्दल तू एकदमच विचारलंस. पैसे फक्त व्हिलावाले देणार, म्हणून ‘जाहिरात’ असं फक्त तिथेच लिहावं, असं तुला वाटतं. माझं मत वेगळं आहे. तिन्ही ठिकाणी लिही.

तुझ्या प्रेक्षकाला किती रुपये मिळाले याचा हिशेब नको असतो. समोरच्याशी तुझं काय नातं आहे, एवढं त्याला कळायला हवं. नियमही हेच म्हणतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात रोख रकमेच्या बरोबरीने फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, वस्तूच्या बदल्यात प्रसिद्धी आणि घरचं किंवा नोकरीचं नातं, हे सगळं जाहीर करायच्या गोष्टींत धरलं आहे.

आपल्या गोव्यात हे नातंच सगळ्यात अवघड जागी बसलेलं असतं. इथे कोण कुणाचा भाचा आणि कुणाच्या लग्नात कोण कुणाचं व्याही झालं, हे गावाला पाठ असतं. तू मामाच्या हॉटेलातल्या शीत-कडीची, म्हणजे भात-आमटीची, तारीफ केलीस, तर डिचोलीतला माणूस ती बरोबर तोलून घेईल. नाशिकहून चार दिवसांची रजा काढून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या बाईला ती सोय नाही. तिच्यापुढे फक्त तुझा चेहरा आणि तुझा शब्द आहे. ‘हे माझ्या मामाचं हॉटेल, लहानपणापासून इथेच जेवत आलेय,’ असं सुरुवातीलाच म्हण. व्हिडिओ त्याने कमजोर होणार नाही. उलट ही कडी तुला इतकी का आवडते, ते तिला समजेल आणि किती विश्वास ठेवायचा ते तिचं ती ठरवेल.

होमस्टेबद्दल एक वाक्य मला फार खटकतं आणि ते हल्ली सर्रास ऐकू येतं: ‘या व्हिडिओसाठी मी एक रुपयाही घेतलेला नाही.’ वाक्य खरं असतं, पण खोली फुकट मिळालेली असते. गप्प राहण्यापेक्षा हे वाईट, कारण ऐकणाऱ्याच्या मनात आलेली शंका तू स्वतःच्या तोंडाने पुसून टाकतेस. त्याऐवजी ‘दोन रात्री मालकांनी विनामूल्य ठेवलं’ एवढं सांग आणि मग जे दिसलं ते बोल. पावसात भिंतीला ओल होती, मोबाइलला रेंज नव्हती, सकाळच्या पातळ भाजीबरोबर पोदेराचे, म्हणजे गावच्या पाववाल्याचे, पाव गरमागरम आले, सगळं सांग. आणखी एक कर. जागा पर्यटन खात्याकडे नोंदवलेली आहे का, ते विचारून घे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने ही नोंदणी सक्तीची आहे. ज्याची नोंदणीच नाही, त्याच्याकडे लोकांना पाठवू नकोस.

जाता जाता कराचंही सांगते. एखाद्या कंपनीने तुला ठेवून घ्यायला फोन दिला, तर तो तुझ्या व्यवसायातून मिळालेला लाभ धरला जातो. अशा लाभांची किंमत वर्षाला २० हजारांच्या वर गेली, तर त्यावर १० टक्के टीडीएस कापण्याचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. फुकट म्हणजे काहीच नाही, असं आयकर खातंसुद्धा मानत नाही.

आता ‘जाहिरात’ हे लेबल कुठे लावायचं. तुझ्याशी बोलणाऱ्या एजन्सीच्या मुलाने ‘कॅप्शनच्या शेवटी, हॅशटॅगमध्ये टाक’ असं सुचवलं, ते साफ चूक आहे. हॅशटॅगच्या गर्दीत लेबल मिसळायचं नाही, असं ती मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. फोटो असेल तर लेबल फोटोवरच दिसायला हवं. व्हिडिओत ते दिसायलाही हवं आणि ऐकूही यायला हवं. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर राहायला हवं. त्याआधी जाहिरात उद्योगाच्याच अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये वेळेचाही हिशेब घालून दिला होता: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूबद्दलचा भाग चालू असेपर्यंत. तू मराठी-कोंकणीत बोलतेस, तर लेबलही प्रेक्षकाला कळेल अशा भाषेत, मोठ्या अक्षरात ‘जाहिरात’ असंच असू दे. डिस्काउंट कोड दिलास आणि त्यावर तुला कमिशन मिळत असेल, तर तेही त्याच दमात सांग.

मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात बरीच वर्षं काढली. बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुरावर आम्ही ‘जाहिरात’ असं छापायचो आणि येणारा जवळपास प्रत्येक ग्राहक तेवढा एक शब्द काढायला सांगायचा. कुणी अक्षर बारीक करा म्हणायचा, कुणी त्यासाठी जास्त पैसे द्यायला तयार असायचा. तेव्हाच मला कळलं की त्यांना जागा विकत घ्यायचीच नसते. वाचकाचा गैरसमज विकत घ्यायचा असतो. ‘ऑर्गॅनिक वाटलं पाहिजे’, म्हणजे जाहिरात न वाटता तू आपणहून बोलल्यासारखं वाटलं पाहिजे, ही आजची मागणी तीच आहे. अशी मागणी करणारा तुझ्या कौशल्याची किंमत देत नसतो. तुझ्या प्रेक्षकांनी तुझ्यावर टाकलेल्या विश्वासाची किंमत तो तुला देऊ करतो, आणि तो विश्वास विकायचा हक्क तुला नाही.

व्हिलांच्या कामावर मात्र मी नीट लिहिणार आहे, कारण तिथे नुसतं लेबल लावून भागत नाही. जाहिरात म्हणून सांगितलेलं खोटं हे खोटंच राहतं. एक थाळी फसली तर दोन-तीनशे रुपये जातील. इथे कुणाची तरी निवृत्तीची पुंजी जाईल.

पहिल्यांदा रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक माग. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असलेले छोटे प्रकल्प सोडले, तर नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरातच करता येत नाही. शिवाय जाहिरातीत तो क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असावा लागतो. गोवा रेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून स्वतः बघ. मग सनद, म्हणजे शेतजमीन बांधकामासाठी वापरायची परवानगी, झाली आहे का ते विचार. जमीन कुठल्या झोनमध्ये येते, त्याचं झोनिंग सर्टिफिकेट माग. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीवर, कुणाची नावं आहेत, कूळ लागलेलं आहे का, ते वाच. वाचता येत नसेल तर म्हापशात कुठल्याही जाणत्या वकिलाला अर्धा तास बसव. ‘पाच वर्षांत पैसे दुप्पट’ हे वाक्य पटकथेत असेल, तर ते तुझ्या तोंडून जाता कामा नये. समुद्र दिसतो असं म्हणायचं असेल, तर गच्चीवर चढून बघ आणि मग म्हण. ड्रोनला जे दिसतं ते घरात राहणाऱ्याला दिसेलच असं नाही.

त्यांनी ‘प्रत्येक बुकिंगमागे टक्केवारी’ असं जे लिहिलं आहे, त्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. कुठल्याही माध्यमातून खरेदीदाराची गाठ घालून देऊन त्याचा मोबदला घेणारी व्यक्ती रेरा कायद्याच्या व्याख्येत एजंट ठरू शकते, आणि एजंटाला स्वतःची नोंदणी लागते. तू रील बनवतेस, जमिनीची दलाली करत नाहीस. ठरलेलं मानधन घे आणि टक्केवारी नाकार.

हे सगळं तपासल्याची कागदपत्रं जपून ठेव. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. पुन्हा तेच घडलं तर ५० लाखांपर्यंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण शिफारशी करायलाच एक वर्षापर्यंत आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं. पण दाव्यांची खातरजमा केल्याचं दाखवता आलं, तर त्याच कायद्याने दंडातून सुटका होते. म्हणून फोनवर विचारून थांबू नकोस. ईमेलने विचार आणि उत्तर ईमेलवरच घे.

आणि पोरी, त्या गावातल्या विहिरींचं उन्हाळ्यात काय होतं, टँकर किती येतात, याचीही चौकशी कर. कायदा हे तुला विचारणार नाही, पण तिथे राहणारे लोक तुझेच आहेत. ज्या शेताच्या बांधावर उभी राहून तू सुगीचे व्हिडिओ केलेस, तशाच शेतावर या व्हिलांची भिंत उठणार असेल, तर मला वाटतं तू हे काम सोडावंस. त्यांचं मानधन मोठं आहे, मला माहीत आहे. तरीही सोडावंस.

पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवाल्यांना उत्तरच देऊ नकोस. २०२५ च्या कायद्याने त्या खेळांची जाहिरात करणंही गुन्हा झाला आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

पुढच्या कामापासून करारात चार ओळी आधीच घाल. लेबल मी लावणार आणि ते काढायला सांगता येणार नाही. न आवडलेली गोष्ट बोलायची मोकळीक मला राहील. माझं रील तुमच्या पैशाने जाहिरात म्हणून चालवायचं असेल, तर किती महिने ते आधी ठरेल. व्हिडिओखाली खरेदीदारांनी केलेल्या तक्रारी मी पुसणार नाही. नियम पाळण्याची जबाबदारी कंपनीवरही आहे, त्यामुळे नीट चालणारी कंपनी या ओळींना हरकत घेणार नाही. घेतली, तर तिच्याबद्दल जे कळायला हवं ते तुला सही करण्याआधीच कळेल.

व्हिलावाल्यांचा करार आणि रेरा क्रमांक मला पाठव. गुरुवारी मी पणजीतच आहे, दुपारी चारनंतर ये. दोघी बसून ओळ न् ओळ वाचू. तोपर्यंत त्यांना हो म्हणू नकोस. मामाचा व्हिडिओ मात्र टाकून देऊ नकोस, नुसतं पहिल्या फ्रेमवर त्याचं-तुझं नातं घाल आणि पुन्हा टाक.

तुझी,
मावशी