पाण्यातला साप की पाणकावळा?

प्रश्न : उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी आमचे शेत आहे. सकाळी मोटार चालू करायला गेलो असता पाण्यातून सापासारखी मान वर आलेली दिसली. धड कुठेच दिसेना. मान बुडाली आणि काही वेळाने तो पक्षी चोचीत चिलापी घेऊन वर आला. मासा हवेत उडवून त्याने गिळला आणि वठलेल्या बाभळीवर पंख पसरून बसला. शेजारी त्याला पाणकावळा म्हणतात. ते बरोबर आहे का? (एक वाचक, इंदापूर तालुका)

उत्तर : शेजाऱ्यांची चूक समजण्यासारखी आहे, कारण पाणकावळाही काळा असतो, बुडी मारतो आणि पंख वाळवत बसतो. परंतु आपण पाहिलेला पक्षी तिरंदाज असावा. त्याला सर्पपक्षी असेही म्हणतात. पुन्हा दिसला तर आधी चोच पाहावी. पाणकावळ्याची चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली असते आणि तो मासा चोचीत धरतो. तिरंदाजाची चोच सुईसारखी सरळ असते आणि तो मासा भोसकतो. (त्याला भालेकरी म्हटले असते तर अधिक शोभले असते.) मानेच्या आठव्या-नवव्या मणक्यांपाशी असलेल्या विशिष्ट रचनेमुळे तेथे मानेला कायमचा बाक असतो, आणि तो बाक झटक्यात सरळ झाला की चोच माशाच्या अंगात घुसते. मासा असा रुतलेला असल्यामुळे तो वर येऊन झटकून सोडवावा लागतो. मग पक्षी तो हवेत उडवून डोक्याकडून गिळतो, म्हणजे परांचे काटे घशात उलटे अडकत नाहीत. आपण पाहिलेली कसरत ती हीच.

धड न दिसण्याचे कारण पिसांत आहे. ती पाण्याने चिंब भिजतात, त्यामुळे अंग जड होऊन पक्षी मानेपर्यंत बुडून पोहू शकतो आणि बाहेर आल्यावर त्याला उन्हात बसावे लागते. त्याला तेलग्रंथी नसते, असे सर्रास सांगितले जाते, ते मात्र खरे नाही. ग्रंथी असते, पिसांची ठेवणच पाणी शोषणारी असते.

बाभळीवर बसलेला असताना तपकिरी मान, तिच्या कडेने उतरणारी पांढरी रेघ, खांद्यावरच्या रुपेरी रेषा आणि पंख्यासारखी लांब शेपटी दुर्बिणीतून सहज दिसेल. लांबी सुमारे 90 सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या लहान पाणकावळ्याच्या जवळजवळ दुप्पट असते. ती वठलेली बाभूळ मात्र सरपणासाठी तोडू नये. तो पक्षी वाळत बसायला तिथेच परत येण्याचा संभव आहे.